मार खाऊन दिलेली कबुली कुणाच्या कामाची? (७/११, हाकामादा आणि आपला पोलिसी खाक्या)

मुळाकाठ (धागाकर्ता)

११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. १८०हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून धरू नये, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. म्हणजे शेवटचा शब्द अजून यायचाय.

निकालाच्या दिवशी बहुतेक व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच सूर होता: आरोपींचे हक्क जपा, मेलेल्यांना कोण विचारतो? मला नेमकं उलटं वाटतं, म्हणून हा धागा.

या खटल्याचा मोठा भार कबुलीजबाबांवर होता. एरवी आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. मकोकाच्या कलम १८नं मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली पुरावा म्हणून चालते. उच्च न्यायालयाला काय दिसलं? वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत परिच्छेदच्या परिच्छेद सारखे. मारहाणीच्या तक्रारींना दुजोरा देणाऱ्या वैद्यकीय नोंदी. आणि कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

या शेवटच्या मुद्द्यापाशी मी अडकलो. एवढा मोठा हल्ला, एवढी मोठी यंत्रणा, आणि बॉम्ब कसला होता हे सांगता येत नाही? माझं म्हणणं असं की कबुली हातात आली की तपास तिथंच आडवा होतो. आरोपीच्या अंगावरचा वळ हा पीडितांवरचाही अन्याय असतो, कारण तो वळ उमटवणारा माणूस त्या वेळात खरा पुरावा गोळा करत नसतो.

बाहेरच्या देशांत चौकशी कशी होते, तिथं काय चुकलं आणि काय सुधारलं, हे तिथं राहणाऱ्यांनी लिहावं. आपल्याकडच्या वकील आणि पोलीस मंडळींनीही.

वऱ्हाडी_झणका

लेख छान. पण साहेब, सराईत गुन्हेगार "सांगा हो दादा" म्हटल्यानं सांगत नाही. चौदावं रत्न दाखवल्याशिवाय यांच्या तोंडून शब्द निघत नाही, हे शेंबडं पोरगंही सांगेल. मानवाधिकारवाल्यांच्या घरात चोरी झाली की तेच ठाण्यात जाऊन म्हणतात, "साहेब, जरा हात दाखवा की त्याला."

शेवंती_पिवळी

झणकाभाऊ, ते शेवटचं वाक्य खरंय. आमच्या शेजाऱ्यांनी हेच म्हटलं होतं, मोलकरणीबद्दल. बांगडी नंतर त्यांच्याच लॉकरमध्ये सापडली. पुढे लिहीत नाही.

काळा_डगला

सत्र न्यायालयात फौजदारी बाजू चालवतो, त्यामुळे थोडं सविस्तर.

पोलिसांपुढची कबुली पुराव्यातून बाद करणारा नियम कुणा मानवाधिकारवाल्यानं आणलेला नाही, इंग्रजांनी आणला. १८५४ मध्ये मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करायला आयोग नेमावा लागला होता, कारण महसूल वसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करवण्यासाठी खालचे नोकर रयतेला काय काय करतात याचे बोभाटे पार्लमेंटपर्यंत गेले होते. पुढे १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २५ आणि २६ आली. हा कायदा ज्यानं लिहिला त्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफननं इथल्या एका अनुभवी अधिकाऱ्याचं मत नोंदवून ठेवलंय. त्याचा आशय असा: उन्हातान्हात पुरावा शोधत फिरण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं फार सोपं. धागाकर्त्यांचा मुद्दा दीडशे वर्षांपूर्वी सरकारदरबारी नोंदलेला आहे.

आता खरी गंमत. २५-२६नं दार बंद केलं आणि २७नं खिडकी उघडी ठेवली. कोठडीतल्या आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग चालतो. रोजच्या भाषेत "सत्तावीसचा पंचनामा". आरोपी दोन पंचांसमोर म्हणतो, "चाकू मी लपवून ठेवलाय, चला दाखवतो", मग सगळे गाडीत बसून जातात आणि झुडपातून चाकू निघतो. चाकू झुडपात आरोपीनं ठेवला की आणखी कुणी, हे त्या झुडपालाच ठाऊक. पंच कधी कधी असे भेटतात की त्यांनी आयुष्यात दहा पंचनामे केलेले असतात. उलटतपासणीत विचारलं तर म्हणतात, "साहेबांनी बोलावलं, मी गेलो." २०२३च्या नव्या पुरावा अधिनियमात ही तिन्ही कलमं कलम २३ मध्ये एकत्र केली आहेत. क्रमांक बदलला, खिडकी तशीच आहे.

म्हणजे "कबुली चालतच नाही, मग पोलीस मारतील कशाला?" याचं उत्तर: रिकव्हरीसाठी. आणि मकोकात तर थेट कबुलीसाठीच. त्यात पोलीस कोठडीही १५ ऐवजी ३० दिवसांपर्यंत मिळू शकते.

बक्कल_नंबर

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. नाव-गाव विचारू नका.

झणकासाहेब म्हणतात ते मी चाळीस वर्षांपूर्वी म्हणत होतो. ट्रेनिंगमध्ये कायदा शिकवला, कवायत शिकवली. माणसाला प्रश्न कसा विचारायचा हे एका तासालाही कुणी शिकवलं नाही. ठाण्यात आलो, जुन्या लोकांचं पाहून शिकलो. जुने लोक पट्टा वापरत होते. त्यावर खडूनं काहीबाही नाव लिहिलेलं असायचं, तो आमचा विनोद.

वरून काय येतं ते सांगतो. गुन्हे आढावा बैठक असते. उघडकीचं प्रमाण किती, मालमत्ता किती हस्तगत, एवढंच विचारतात. कसं केलं ते कुणी विचारत नाही. डीबीच्या (ठाण्यातलं गुन्हे शोध पथक) चार पोरांकडे घरफोड्या, सोनसाखळ्या, मोटारसायकली, वर गणपतीचा बंदोबस्त, मंत्र्याचा दौरा, समन्स बजावणी. आरोपीची पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, तीन दिवसांची. त्यातला एक दिवस मेडिकल आणि कागदांत जातो. मग शॉर्टकट होतो. हे समर्थन नाही, कसं घडतं ते सांगतोय.

आणि मारून मिळतं काय? माणूस सुटकेसाठी दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतो. त्या दुसऱ्याला उचलायचं. तो तिसऱ्याचं घेतो. सोनाराचं नाव घेतलं की सोनारही घाबरून काहीतरी लगड काढून देतो, ती फिर्यादीच्या सोन्याची असो नसो. कागदावर गुन्हा उघड. खरा चोर पुढच्या गल्लीत.

सांगलीला २०१७ साली काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. चोरीच्या गुन्ह्यातला पोरगा कोठडीत गेला, "पळून गेला" असं सांगण्यात आलं, आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. त्यानंतर आमच्याकडे सगळे महिनाभर आरोपीला चहा पाजत होते. महिनाभरच.

कोरडा_पाऊस

बक्कलकाका, __/\__
असं लिहिणारे पोलीस इथं पहिल्यांदाच वाचतोय.

फुजीच्या_पायथ्याशी

शिझुओका प्रांतात राहते. हे प्रकरण आमच्याच भागातलं, त्यामुळे लिहायलाच हवं.

जपान म्हटलं की आपल्या लोकांना शिस्त, बुलेट ट्रेन आणि हरवलेलं पाकीट परत मिळणं एवढं आठवतं. चौकशीची खोली कुणाला दिसत नाही. इथं अटकेनंतर ४८ तास पोलिसांचे, २४ तास सरकारी वकिलाचे, मग न्यायाधीशाच्या परवानगीनं दहा दिवस, वर आणखी दहा. एकूण २३ दिवस, तेही आरोपपत्राच्या आधी. दुसरा गुन्हा लावून पुन्हा अटक केली की मोजणी परत एकपासून. यातला बराचसा काळ माणूस तुरुंगात नव्हे, पोलीस ठाण्याच्याच कोठडीत असतो. चौकशीला वकील शेजारी बसत नाही. गप्प राहायचा हक्क राज्यघटनेत आहे, पण "मी बोलणार नाही, मला कोठडीत परत न्या" म्हणून उठून जाता येत नाही. तोंड मिटून तासन् तास तिथंच बसायचं.

इवाओ हाकामादा हा माजी मुष्टियोद्धा. शिमिझु इथल्या मिसोच्या (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट) कारखान्यात कामाला होता. जून १९६६ मध्ये कारखान्याच्या एका अधिकाऱ्याच्या कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. ऑगस्टमध्ये याला धरलं. जवळजवळ वीस दिवस, रोज सरासरी बारा तास चौकशी. शेवटी कबूल झाला. कोर्टात त्यानं कबुली मागे घेतली. एकूण ४५ कबुलीजबाब होते. १९६८ मध्ये कोर्टानं त्यातले ४४ बाजूला ठेवले आणि एक ग्राह्य धरून फाशी सुनावली! खटला चालू असताना, खुनानंतर वर्षभरानं, मिसोच्या टाकीत रक्ताचे डाग असलेले कपडे "सापडले". त्यातली विजार त्याला चढत नव्हती.

तो निकाल ज्यांनी हातानं लिहिला त्या तरुण न्यायाधीशाचं, नोरिमिची कुमामोतो यांचं, मत मुळात निर्दोष असं होतं. दोन ज्येष्ठांपुढे चाललं नाही. त्यांनी काही महिन्यांत न्यायाधीशपद सोडलं आणि २००७ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं.

हाकामादाची बहीण हिदेको त्याच्यासाठी उभं आयुष्य लढली. २०१४ मध्ये तो बाहेर आला, २६ सप्टेंबर २०२४ला शिझुओका जिल्हा न्यायालयानं निर्दोष ठरवलं. कबुली अमानुष चौकशीतून उपटलेली आणि कपड्यांचा पुरावा तपास यंत्रणेनं तयार केलेला, असं निकालात स्पष्ट म्हटलंय. तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. भरपाई साधारण २१ कोटी ७० लाख येन. आज सकाळी फाशी आहे का, या प्रश्नावर कित्येक वर्षं रोज उठलेला माणूस तो. मन कधीच मोडून गेलं होतं. पैसे कशाला पुरणार.

आणि धागाकर्त्यांच्या मुद्द्याला धरून: त्या चौघांना मारलं कुणी, हे अजून कुणालाच माहीत नाही. आता कळणारही नाही.

वऱ्हाडी_झणका

ताई, वाचून वाईट वाटलं. पण हे सगळे प्रसंग निर्दोष माणसांचे आहेत. मी विचारतो ते असं: माणूस गुन्हेगार आहे हे पक्कं आहे, आणि त्याच्या तोंडात एखाद्या लेकराचा जीव अडकलाय. कुठं डांबून ठेवलंय ते तो सांगत नाही. तेव्हाही कलम वाचत बसायचं का? होय की नाही सांगा.

माइनकाठचा_मन्या

झणका, हे अगदी असंच घडलंय, मी राहतो त्या फ्रँकफर्टमध्ये. सप्टेंबर २००२, अकरा वर्षांच्या याकोब फॉन मेट्झलरचं खंडणीसाठी अपहरण. मागनुस गेफगेन नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याला पैसे उचलल्यावर पकडलं. तो मुलाचा ठावठिकाणा सांगेना. पोलीस उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी हाताखालच्या माणसाला आदेश दिला: याला सांग, बोलला नाहीस तर असह्य वेदना देऊ. हात लावला नाही, नुसती धमकी. थोड्या वेळात तो बोलला.

मूल आधीच मारलेलं होतं. अपहरणाच्याच दिवशी.

डाश्नर यांनी स्वतःच फाइलमध्ये लिहून ठेवलं की हा आदेश मी दिला. मला हे फार मोठं वाटतं, आपल्याकडे असं कोण लिहील? त्यांच्यावर खटला झाला, दोषी ठरले, पण शिक्षा नावापुरती: सशर्त दंड आणि समज. गेफगेनला जन्मठेप झाली. धमकीनंतरचे जबाब कोर्टानं वापरले नाहीत, पण त्यानं खटल्यात पुन्हा कबुली दिली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०१० मध्ये म्हटलं की ही धमकी अमानुष वागणूकच, मुलाचा जीव पणाला असला तरी तिला परवानगी नाही. मात्र खटला अन्यायाचा झाला नाही, शिक्षा कायम.

तुम्ही "होय की नाही" विचारलंत. माझ्या मुलाबाबत असतं तर मी डाश्नर यांच्या पाया पडलो असतो. आणि तरीही कायद्यानं त्यांना दोषी ठरवलं हे मला बरोबर वाटतं. दोन्ही एकदम. परवानगी आधी देऊन ठेवली की ती लेकरासाठी राहत नाही, आठवड्यात मोबाइल चोरापर्यंत येते.

वऱ्हाडी_झणका

उत्तर पटलं नाही, पण प्रामाणिक आहे. डाश्नरला माझा सलाम.

टेम्सवरची_होडी

इंग्लंडबद्दल. इथले पोलीस जन्मतःच सभ्य होते असा समज नको. १९७४च्या बर्मिंगहॅम पब स्फोटांत सहा आयरिश माणसांना मारहाण करून कबुल्या घेतल्या, १९७५ मध्ये जन्मठेप, १९९१ मध्ये सुटका. सोळा वर्षं. गिल्डफर्डच्या पब स्फोटांतल्या चौघांची तीच कथा, १९८९ मध्ये सुटले. त्याआधी १९७२ मध्ये मॅक्सवेल कॉन्फेट खुनात तीन मुलांच्या कबुल्या खोट्या निघाल्या, आणि त्या धक्क्यातून चौकशी आयोग, मग १९८४चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा आला. सगळे त्याला पेस म्हणतात.

त्यातल्या तीन गोष्टींनी फरक पडला असं मला वाटतं. चौकशीचं ध्वनिमुद्रण. ठाण्यातच एक वेगळा कस्टडी अधिकारी, ज्याचा तपासाशी संबंध नसतो. कोठडीतल्या माणसाला जेवण, झोप, डॉक्टर, वकील मिळाला की नाही याची नोंद तो ठेवतो. आणि मोफत वकील, तोही चौकशी चालू असताना शेजारी बसणारा. आरोपपत्राशिवाय ठेवायची मुदत साधी २४ तास, गंभीर गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या परवानगीनं जास्तीत जास्त ९६. दहशतवादाला १४ दिवस.

पण इथली सगळ्यात मजेशीर गोष्ट टेप ऐकल्यानंतरची. मुद्रित चौकश्या संशोधकांनी ऐकल्या तेव्हा कळलं की पोलीस क्रूर कमी आणि अडाणी जास्त. प्रश्नच विचारता येत नव्हते, आधी ठरवलेलं उत्तर वदवून घ्यायचे. मग नव्वदीच्या सुरुवातीला सगळ्या दलाला नव्यानं शिकवलं: तयारी करा, समजावून सांगा, माणसाला त्याच्या शब्दांत पूर्ण बोलू द्या, मध्ये तोडू नका, मग विसंगती समोर ठेवा. खोटं बोलणाऱ्याला जितकं जास्त बोलू द्याल तितका तो अडकतो. बक्कलकाका म्हणतात ते "एका तासालाही शिकवलं नाही", तेच इथं शिकवायला घेतलं. गुन्हे उघड व्हायचे थांबले नाहीत.

(सगळं गोड नाही. १९९४च्या कायद्यानं गप्प बसण्याचा काही परिस्थितीत आरोपीविरुद्ध अर्थ काढता येतो.)

कोरडा_पाऊस

आणि अमेरिका? "यू हॅव द राइट टु रिमेन सायलेंट" तर पाठ आहे सगळ्यांना.

काळा_डगला

ते वाक्य मिरांडा निकालामुळे आलं, १९६६. पण अमेरिकन पोलिसाला चौकशीत खोटं बोलायची मुभा आहे हे फार जणांना माहीत नसतं. "तुझ्या मित्रानं सगळं सांगितलंय" असं धडधडीत खोटं सांगून मिळवलेली कबुली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये चालवून घेतली. १९८९च्या न्यूयॉर्कमधल्या सेंट्रल पार्क बलात्कार प्रकरणात पाच किशोरवयीन मुलांना दोषी ठरवलं, त्यातल्या चौघांच्या कबुल्या कॅमेऱ्यावर होत्या. २००२ मध्ये खरा गुन्हेगार पुढे आला, डीएनए जुळला. अल्पवयीनांशी चौकशीत खोटं बोलायला बंदी घालणारं इलिनॉय हे २०२१ मधलं पहिलं राज्य.

त्याच इलिनॉयमध्ये शिकागोचा पोलीस कमांडर जॉन बर्ज. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यानं आणि त्याच्या माणसांनी शंभराहून जास्त लोकांना, बहुतेक कृष्णवर्णीयांना, विजेचे झटके वगैरे देऊन कबुल्या घेतल्या. मुदत उलटल्यामुळे छळाचा खटला चाललाच नाही. शेवटी शपथेवर खोटं बोलल्याबद्दल साडेचार वर्षं. २०१५ मध्ये शहरानं ५५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली आणि हा इतिहास शाळेत शिकवायचं ठरवलं. आपल्याकडे कुठल्या पाठ्यपुस्तकात असं येईल?

पालावरून

इंग्लंड-अमेरिका झालं असेल तर जरा जवळ या.

आमच्या भागात घरफोडी झाली की पोलिसांची पहिली गाडी पारधी वस्तीवर येते. फिर्यादीनं कुणाचं नाव घेतलं, बोटाचे ठसे कुणाचे, काही नाही. १८७१ साली इंग्रजानं कायदा करून आमच्या जातीच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ला तो गेला, म्हणून आम्ही त्या दिवशी विमुक्त दिन करतो. पण सराईत गुन्हेगारांचा कायदा त्या जागी आला आणि ठाण्याच्या रजिस्टरमधली नावं तीच राहिली. आजोबाचं होतं, बापाचं होतं, आता पोराचं.

तुमची सगळी चर्चा "आरोपीला मारावं का" यावर चाललीय. आमच्याकडे आरोपी ठरायच्या आधीच मार होतो. अटक दाखवत नाहीत, "चौकशीला नेलं" म्हणतात. मग चोवीस तासांची मोजणी सुरू कशी होणार? बायका ठाण्याबाहेर बसून राहतात. वकील कुणाचा, कुठला.

झणकासाहेब, "सराईत" म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं तेवढं बघा.

वऱ्हाडी_झणका

दादा, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाकी माझं मत आहे ते आहे. टोळीवाले आणि बॉम्बवाले यांना मऊ हात नको.

शेवंती_पिवळी

एक शंका. नार्को टेस्ट केली तर मारायची गरजच नाही ना?

काळा_डगला

संमतीशिवाय नाही. सर्वोच्च न्यायालय, सेल्वी प्रकरण, २०१०. संमतीनं केली तरी गुंगीत बोललेलं पुरावा होत नाही. त्यातून काही वस्तू सापडली तर तेवढं.

मुळाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, धागा भरकटला नाही हे नवलच. एक व्यावहारिक प्रश्न राहतो. भारतानं छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, अजून तो मंजूर केलेला नाही. २०१०चं विधेयक लोकसभेत संमत होऊन पुढे बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगानं पुन्हा मसुदा दिला. म्हणजे वेगळा कायदा लगेच येत नाही. मग आज रात्री कुणाच्या घरच्या माणसाला उचललं तर काय करायचं? काळा_डगला, पालावरून दादांनी सांगितलेली "अटक दाखवत नाहीत" ही परिस्थिती धरून सांगा.

काळा_डगला

थोडक्यात सांगतो, प्रत्येक प्रकरणात वकील गाठाच.

अटक दाखवलेली नसेल तर पहिलं काम वेळेचा पुरावा तयार करणं. ११२ वर फोन करा, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाला ईमेल करा: अमुक माणसाला अमुक वाजता अमुक ठिकाणाहून नेलं, सोबत गणवेशातले किंवा साध्या वेशातले इतके जण. चोवीस तासांची मोजणी पुढे इथून सुरू धरायला सांगता येते. दाद लागली नाही तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज.

अटक दाखवली असेल तर १९९६च्या डी. के. बसू निकालातल्या गोष्टी आता बहुतांश कायद्यातच आहेत. अटकेचा पंचनामा, त्यावर नातेवाईक किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण संपूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. टेम्सवरच्या ताईंनी सांगितलं त्याच्या निम्म्यावर आपण आहोत. विधिसेवा प्राधिकरणाचा मोफत वकील पहिल्या रिमांडपासून (कोठडी मागायला कोर्टात उभं करतात तेव्हापासून) मागता येतो.

रिमांडला कोर्टात उभं केल्यावर दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" शेजारी तेच पोलीस उभे असतात आणि परत त्यांच्याच गाडीतून जायचं असतं, म्हणून नव्वद टक्के माणसं "नाही" म्हणतात (माझ्या डोळ्यांसमोरचा अंदाज, आकडेवारी नव्हे). वकिलानं तिथं लेखी अर्ज द्यावा, वैद्यकीय तपासणीची मागणी करावी. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात (नागरिक सुरक्षा संहिता) हे जास्त गरजेचं झालंय. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मिळायची, आता गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी १५ दिवस मागता येतात. म्हणजे तक्रार केलेला माणूस पुन्हा त्याच हातांत जाऊ शकतो.

बक्कल_नंबर

कॅमेऱ्याचं सांगा वकीलसाहेब. ते सगळ्यात कामाचं.

काळा_डगला

बरोबर. डिसेंबर २०२०च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात लॉकअप, पडवी, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे आवाजासकट कॅमेरे हवेत. साठवण अठरा महिन्यांची, निदान वर्षाची तरी. पहिल्याच दिवशी ठाण्याला आणि कोर्टाला अर्ज करा: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा. सहा महिन्यांनी मागितलं तर हार्ड डिस्क भरल्याचं कळतं.

पालावरून

आणि कॅमेरा बंद होता म्हणाले तर?

काळा_डगला

तेच लेखी मागा. किती तारखेपासून बंद, दुरुस्तीसाठी कुणाला, कधी कळवलं, त्या पत्राची प्रत. निकालात ही जबाबदारी ठाणे प्रभारीवर नाव घेऊन टाकली आहे. असं उत्तर स्वतःच्या सहीनं द्यायला कुणी सहसा तयार होत नाही.